अंगठीचा निरंक अहवाल

दिवस पहिला, बुधवार.
सकाळ : निरंक.
दुपार : निरंक.
संध्याकाळ : निरंक. अंगठी एकदाही उतरवली नाही.

वरच्या मजकुरातलं फक्त शेवटचं वाक्य खरं आहे.

ही वही दोनशे पानी आहे. पुढच्या बाजूनं तीन पानं भरली आहेत, ती कागलच्या चिमणाबाईंसाठी. आता मी वही उलटी धरून मागच्या बाजूनं लिहितोय. ज्यांनी सरकारी नोकरी केली नाही त्यांच्यासाठी निरंक म्हणजे काय ते सांगतो. वरच्या कार्यालयानं माहिती मागवली आणि सांगण्यासारखं काही नसलं, किंवा असूनही सांगायचं नसलं, की रकान्यात हा शब्द लिहायचा. एका पावसाळ्यात कार्यालयाचं छत माझ्याच टेबलावर गळत होतं. एका हातानं छत्री धरून दुसऱ्या हातानं मी 'इमारतीस दुरुस्तीची आवश्यकता : निरंक' असं लिहिलेलं आहे. अक्षर सुंदर आलं होतं. साहेबांनी कौतुक केलं.

तर अंगठीचं असं झालं.

माझा मुलगा अभिराम पुण्यात नोकरी करतो. त्याच्याच कंपनीत कागलची तेजस्वी. दोघांनी परस्पर ठरवलं आणि मग दोन्ही घरांना कळवलं. त्यांच्याकडे बुधवार-रविवार मटण, आमच्याकडे बुधवार-रविवारसुद्धा वरण. सात महिने दोन्ही घरांनी नाही म्हटलं. मग त्यांचं घर हो म्हणालं, तेव्हा आपण मागे राहायला नको म्हणून आम्हीही म्हणालो. तेजस्वीनं मागून एकच गोष्ट मागितली, अंगठी. तिनं चित्र पाठवलं. लांबट अंड्यासारखा हिरा, आणि तो बोटावर उभा नव्हता, आडवा पडला होता.

"हा आडवा का पडलाय?" मी अभिरामला विचारलं.

"बाबा, सध्या तसंच चालतं. ईस्ट-वेस्ट म्हणतात. पूर्व-पश्चिम."

"पण हात फिरवला की दक्षिण-उत्तर होणार."

"बाबा, प्लीज."

मंगळवारी गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका दुकानात आम्ही सगळे जमलो. आमच्याकडून मी, माझी बायको नंदिनी आणि अभिराम. त्यांच्याकडून तेजस्वी, तिचे वडील अमरसिंह आणि अमरसिंहांच्या आई चिमणाबाई. चिमणाबाई नऊवारीत हरवून जाव्यात इतक्या किरकोळ, पण दुकानाचा दरवाजा त्यांच्यासाठी दोघांनी उघडला. आदर्श नावाचा तरुण मालक. त्याचे आजोबा ज्या गादीवर मांडी घालून बसायचे तिथं आता काचेचं टेबल, आणि टेबलामागं कोट घातलेला आदर्श.

"काका, गोल हिरा आता कुणी विचारत नाही. गोल म्हणजे आईचा हिरा. सध्या ओव्हल, नाहीतर थेंबाचा आकार. बँड एकदम पातळ. जितका पातळ तितका खडा मोठा दिसतो. आणि खाली हिडन हेलो."

"म्हणजे?"

"मोठ्या खड्याच्या पोटाखाली बारीक हिऱ्यांचं कडं. वरून दिसत नाही."

"दिसत नाही तर लावायचं कशाला?"

"घालणाऱ्याला माहीत असतं ना, काका."

मग त्यानं दोन खड्यांची अंगठी दाखवली. एक खडा तिचा, एक त्याचा, शेजारी शेजारी पण तोंडं दोन दिशांना. नंदिनी म्हणाली, "हे आमच्या घरी आहेच, बोटात कशाला." मग एक ओपन बँड दाखवला. त्यात कडं पूर्ण जोडतच नाहीत, मधे फट ठेवतात. तोही ट्रेंड. चिमणाबाईंनी ती अंगठी डोळ्यांजवळ नेली.

"अर्धवट हाय की. कारागीर पळून गेला व्हय रं?"

शेवटी तेजस्वीच्या चित्रातलीच निघाली. आडवा ओव्हल, पातळ बँड, पोटाखाली न दिसणारे हिरे. पोरीच्या बोटात ती अशी बसली की दुकानातल्या सेल्समननं बाकीचे ट्रे आत ठेवायला घेतले. आणि तिथंच आदर्शनं नको ते सांगितलं. हा हिरा खाणीतला नाही, लॅबमधला. यंत्रात तयार होतो. तीन-चार आठवड्यांत.

"तीन आठवड्याचं पोर हाय म्हंजे," चिमणाबाई म्हणाल्या. "बारसं तरी झालंय का त्याचं? आनि हिरा मानवतोय का न्हाय ते बघितल्याबिगर पोरीच्या बोटात घालतासा?"

हिरा घेण्याआधी तीन दिवस अंगावर वागवून पाहतात, त्या दिवसांत घरात वाईट काही घडलं तर तो परत देतात, हे मलाही माहीत होतं. पण लॅबमधल्या हिऱ्याला हा नियम लागू होतो का, याबद्दल मला शंका होती, आणि ती मी मांडली. माझी नेहमीची चूक. मी म्हणालो, "आजी, खाणीतल्या हिऱ्याला कुणाकुणाचे हात लागलेले असतात, म्हणून तो तपासतात. हा तर कोरा आहे."

"कोराच वाईट. कुणाचं वाटोळं करायचं ते त्याचं अजून ठरल्यालं न्हाय."

आदर्शनं टाय सैल केला.

"माझ्या मालकांनी आणलता हिरा," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "पुण्यासनं. तपासला न्हाय. चवथ्या दिशी ग्येलं. तीस वरसं झाली." मग आवाज न बदलता पुढे : "पोरीनं साखरपुड्याआधी घालायची न्हाय. पोरग्यानंबी न्हाय. जिथं पोरगी जायची त्या घरच्या कर्त्यानं घालायची. तीन दिस उतरायची न्हाय. आनि रोज तीनदा लिवून ठिवायचं, काय झालं, काय न्हाय. सांगताना मानूस इसरतंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. कर्ता या शब्दावर नंदिनीला खोकला आला.

"आणि समजा, काही झालंच तर?" मी विचारलं.

अमरसिंह दूध संस्था चालवतात. रोज पहाटे शंभर लोकांच्या दुधाला फॅट लावून लावून त्यांच्या बोलण्यात पाणी अजिबात राहिलेलं नाही. "तर न्हाय. अंगठी न्हाय म्हंजे कायच न्हाय, पावणं. हो म्हणायला आईनं सात म्हयनं लावल्यात. न्हाय म्हणायला एक मिनिट लागंल."

निघताना तेजस्वी माझ्याजवळ आली. पोरगी धीट आहे, मीटिंगमध्ये साहेबांना गप्प करते असं अभिराम सांगतो. मला म्हणाली, "काका, तीन दिवस काही होऊ देऊ नका." आणि तिचे डोळे भरले होते. म्हणून मी हो म्हणालो. बाकी सगळं त्यातून झालं.

आदर्शनं अंगठी जाकड दिली. जाकड म्हणजे पसंत पडली तर ठेवायची, नाहीतर परत. ती माझ्या उजव्या करंगळीत थोडी जोर लावून बसली. बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस. शनिवारी चिमणाबाई येऊन वही ऐकणार. रविवारी रंकाळ्याजवळच्या हॉलमध्ये साखरपुडा.

आता बुधवार, निरंक नसलेला.

सकाळी आठला दूध उतू गेलं. ओट्यापाशी उभं राहून मी आणि नंदिनीनं यावर वाद घातला. वास्तुशांतीला आपण मुद्दाम उतू घालवतो, म्हणजे ते शुभ. पण मुद्दाम नसलं तर? शुभ की अशुभ ते न ठरल्यामुळे नोंद करता येईना, म्हणून निरंक. दुपारी नंदिनी म्हणाली की घरात हिरा असताना तरी तुम्ही माझ्या आईबद्दल बोलू नका, आणि त्यावरून आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं. निरंक. संध्याकाळी फिरायला जाताना बूट जाईना. महिनाभर हे चाललं होतं. बूट आकसलाय असं माझं मत होतं. बुटाच्या दुकानदाराशी मी दोनदा भांडलोही होतो. चपला घालून गेलो. निरंक.

परत येऊन हात धुताना लक्षात आलं की अंगठी फिरत नाही.

दिवस दुसरा, गुरुवार.
सकाळ : निरंक.
दुपार : निरंक.
संध्याकाळ : निरंक. अंगठी एकदाही उतरवली नाही.

आमच्या शेजारी पिराजी राहतात. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी कुणाचंही काही अडकलेलं दिसलं की त्यांना पुढं सरका म्हणावंसं वाटतं. माझ्या गुडघेदुखीची गोळीही त्यांनीच सांगितलेली. "माझ्या गुडघ्याला लागू पडली, तुमच्याबी पडंल." पडली होती. दोन वर्षं मी ती सकाळ-संध्याकाळ घेत होतो. कोपऱ्यावरचा औषधवाला मला लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा. हे इथं लिहून ठेवतो, पुढे लागेल.

पिराजींनी अंगठी काढायचे जे उपाय केले ते एका दमात सांगतो, कारण ते एका दमातच झाले : आधी साबण, मग खोबरेल, मग नंदिनी नको म्हणत असताना साजूक तूप, मग फ्रीजमधलं पाणी, मग दोरा, म्हणजे बोटाला टोकाकडून घट्ट दोरा गुंडाळत यायचं आणि दोऱ्याचं टोक अंगठीखालून घालून ओढायचं, तर ओढताना दोरा निघाला, अंगठी राहिली, बोट जांभळं झालं, मग हात वर ठेवला की रक्त उतरतं म्हणून माझा हात अंगणातल्या कपड्याच्या तारेला पंचानं बांधून मला तासभर उभं केलं, आणि त्या तासात रस्त्यानं जाणाऱ्या सात जणांनी मला परत हात केला, त्यातल्या एकानं थांबून "काय साहेब, कुणाला टाटा चाललाय?" असंही विचारलं.

पातळ बँडचा एक गुण आदर्शनं सांगितला नव्हता. तो मांसात बसतो. आणि पोटाखालचे न दिसणारे हिरे शेजारच्या बोटाला टोचत राहतात. घालणाऱ्याला माहीत असतं, हे मात्र खरं.

आदर्शला फोन केला. तो म्हणाला, "काका, करवत घेऊन येतो, दोन मिनिटांत कापू." मी नको म्हणालो. उतरायची नाही अशी अट होती, कापून उतरवली तर ते उतरवण्यात धरतील की घडलेल्या वाईटात, हेच मला ठरवता येईना. पिराजी म्हणाले, अग्निशमनवाल्यांकडं न कापता काढायची युक्ती असते. म्हणून रिक्षानं तिकडे गेलो.

तिथल्या जवानानं रजिस्टर उघडलं.

"अंगठी तुमची?"

"नाही."

"मालकिणीची?"

"नाही."

"पावती?"

"नाही. जाकड आहे."

त्यानं पेन थांबवलं. "बोटात कशी आली?"

"होणाऱ्या सुनेच्या आजीनं घालायला सांगितली."

"काढायची न्हाय, कापायची न्हाय, आनि सोडवायची?"

"हो."

त्यानं रजिस्टर मिटलं. "साहेब, ही आग आमच्या हद्दीत येत न्हाय." मागं बसलेले दोघं हसले. एकतीस वर्षं ज्यानं लोकांना 'हे आमच्याकडे येत नाही' असं सांगितलं, त्याला हे पहिल्यांदा ऐकताना कसं वाटतं ते मी सांगणार नाही. मी उठलो. तेव्हा तो जवान म्हणाला, "थांबा की जरा. दुसरा हात बघू."

मी डावा हात पुढं केला.

"ह्योबी सुजलाय की," तो म्हणाला. आता कुणी हसत नव्हतं. "ह्या हातात कुठं अंगठी हाय?"

बुधवारपासून पाच माणसांनी माझ्या अंगठीकडे बघितलं होतं. हाताकडे बघणारा हा पहिला.

दिवस तिसरा, शुक्रवार.
सकाळ : निरंक.
दुपार : निरंक.
संध्याकाळ : निरंक. अंगठी एकदाही

(इथं माझी ओळ पुरी झालेली नाही. पेन धरता येईना.)

राजारामपुरीतल्या डॉक्टर अभिरामच्याच वयाच्या. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघं तो खड्डा भरायची वाट बघत बसलो. रक्त तपासायला दिलं, तीन तासांनी कागद आला. क्रिएटिनिन नऊ पूर्णांक दोन.

"किती असावं लागतं?" नंदिनीनं विचारलं.

"एकच्या आसपास."

मी आकडेमोड करत होतो. सवय. डॉक्टरांनी ती वाचवली. "दोन्ही किडन्या मिळून दहा टक्केसुद्धा काम करत नाहीयेत. गोळ्या कसल्या घेता तुम्ही?"

मी गोळीचं नाव सांगितलं. किती दिवस तेही सांगितलं. "या गोळ्यांनीच किडन्या खाल्ल्या," म्हणत त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आज अॅडमिट व्हा."

"रविवारी संध्याकाळी येतो."

"काका, हे हॉलचं बुकिंग नाही. पोटॅशियम वाढलंय. हृदय कधीही थांबू शकतं. आणि ही अंगठी आत्ता कापा. नाहीतर बोट जाईल."

मी म्हणालो की विचार करून सांगतो. सरकारी नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं. समोरचा माणूस निघून जातो. इथं आम्हीच निघालो.

घरी येऊन नंदिनीनं वही माझ्यापुढं ठेवली.

"लिहा. दुपार."

मी निरंक लिहिलं. सहाला संध्याकाळचंही लिहिलं. उजव्या हाताची करंगळी तोवर जांभळी आणि काळी यांच्या मधे होती.

"तुम्हाला काही झालं तर?" ती म्हणाली.

"रविवारनंतर झालं तर ते तीन दिवसांत धरत नाहीत."

हे मी विनोद म्हणून म्हणालो नव्हतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली. तिनं माझं ऐकायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. त्या दिवशी मात्र तिनं ऐकलं, कारण तिलाही ती पोरगी आवडली होती. त्याबद्दल ती अजून स्वतःला माफ करत नाही.

शनिवारी सकाळी अभिराम आला. "बाबा, चेहरा सुजलाय तुमचा." जागरण, म्हणालो. अकराला कागलची गाडी आली. मी हातावर पंचा टाकून कोचावर बसलो होतो, हाताला तेल लावलंय असं सांगून. चिमणाबाई समोर खुर्चीत. अमरसिंह दाराशी, म्हणजे न्हाय म्हणायचं झालं तर लगेच निघता यावं. नंदिनीनं चहा आणला आणि माझा कप डाव्या बाजूला ठेवला.

"वाच गं," चिमणाबाई तेजस्वीला म्हणाल्या.

तेजस्वीनं वाचलं. वाचायला फार वेळ लागला नाही. निरंक, निरंक, निरंक, असं नऊ वेळा. आठव्याला तिचा आवाज हलका झाला, नवव्याला ती हसलीच. तिनं अभिरामकडे पाहिलं. तिच्या दृष्टीनं झालं होतं सगळं.

"आण हिकडं," चिमणाबाई म्हणाल्या.

त्यांना वाचता येत नाही. त्यांनी वही मांडीवर ठेवली आणि बोट ठेवून एकेक शब्द बघितला, जसं कुणी निवडताना तांदूळ बघतं.

"नऊ येळा एकच लिवलंय."

"हो," मी म्हणालो. "म्हणजे काही घडलं नाही."

"तीन दिसात कायच न्हाय? दूध उतू ग्येलं न्हाय? मालकीण भांडली न्हाय? कुनी शिंकलंबी न्हाय?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "म्या ऐंशी वरसात असलं घर बघितल्यालं न्हाय, पावणं. आनि ह्ये पयलं बघा आनि ह्ये शेवटचं बघा. पयलं कसं मोत्यावानी. ह्ये शेवटचं एकाच मानसानं लिवलंय व्हय?"

मी सरकारी अक्षराचा माणूस. माझ्या खोट्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, कारण ते नीटनेटकं असायचं.

वही तेजस्वीकडे देऊन त्या उठल्या आणि पंचा काढला.

तेजस्वीच्या हातून वही पडली. अभिराम म्हणाला, "बाबा, हे काय?" चिमणाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. अंगठीकडे त्यांनी बघितलंच नाही. मनगटाच्या वर अंगठा दाबला, उचलला आणि खड्ड्याकडे बघत थांबल्या. डॉक्टर बाईंसारख्याच.

"कवापासनं हाय?"

"महिना. दीड महिना."

"पायताण बसतंय पायात?"

"नाही."

त्या खाली बसल्या. खुर्चीवर नाही, फरशीवर, माझ्या पायांशी. अमरसिंह "आई" म्हणत पुढं आले.

"तुझ्या बाच्या पायात बसत न्हवतं," त्या अमरसिंहांना म्हणाल्या. "सा म्हयनं. पायताण नीट करत न्हाय म्हणून आमी करणाऱ्याला शिव्या दिल्या. दोन जोड बदलून आणलं. डाक्टरला न्हाय दावलं. मंग ह्यांनी हिरा आणला, आनि चवथ्या दिशी ग्येलं. तीस वरसं म्या हिऱ्याला बोल लावत बसली."

आमच्या भिंतीवरचं घड्याळ दर तासाला एक धून वाजवतं, ती नेमकी तेव्हा पूर्ण वाजली. मी कधीपासून ती बंद करणार होतो.

"मग उद्याचं काय म्हणायचं, आई?" अमरसिंहांनी विचारलं. "मानवला की न्हाय हिरा?"

"त्याला काय इचारतोस? तीन आठवड्याचं पोर हाय त्ये. गाडी काढ."

तेजस्वीनं आदर्शला फोन केला. तो हत्यारांचा डबा घेऊन पंधरा मिनिटांत आला, कोट न घालता. बारीक करवतीनं त्यानं अंगठी कापताना माझं कोपर अभिरामनं धरलं होतं आणि बोट चिमणाबाईंनी. पातळ बँड कापायला खरंच दोन मिनिटं लागली. अमरसिंहांच्या गाडीच्या मागच्या सीटवर मी आडवा पडून दवाखान्यात गेलो, पूर्व-पश्चिम की दक्षिण-उत्तर ते आता सांगता येणार नाही.

रविवारचा साखरपुडा हॉलमध्ये झाला नाही. दुपारी भेटीच्या वेळात, दोघांनाच आत सोडतात म्हणून दोघं दोघं करून सगळे येऊन गेले. डायलिसिससाठी माझ्या मानेत नळी होती. चिमणाबाईंनी पुडी सोडून माझ्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. डॉक्टरांना विचारून. मीठ बंद, केळं बंद, पाणी मोजून, साखर चालते. तेजस्वीच्या बोटात तीच अंगठी होती. आदर्शनं जोडून देतो म्हटलं होतं, तिनं नको सांगितलं. कापलेली टोकं त्यानं घासून गोल केली आणि फट तशीच ठेवली. ओपन बँड. अभिराम म्हणतो, तिच्या तीन मैत्रिणींनी हे डिझाइन कुठं मिळालं म्हणून विचारलं.

पिराजी भेटायला आले तेव्हा म्हणाले, हिऱ्यानं वाचवलं बघा तुम्हाला. मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं आधी अडकली असती तर वाचवलं असतं." पिराजींनी ती गोळी सोडली आहे. त्यानंतर ते माझ्याशी कमी बोलतात. मी त्यांना एकदाही काही म्हणालेलो नाही, बहुतेक त्याचाच त्यांना त्रास होतो.

आता सोमवार, बुधवार, शनिवार डायलिसिस. चार-चार तास. डाव्या हातात सुया, म्हणून उजव्या हातानं लिहितो. करंगळीच्या टोकाला अजून काही कळत नाही. दवाखान्यानं नोंदवही ठेवायला सांगितली, तर मी हीच काढली. रकाने आखले : वजन, रक्तदाब, प्यायलेलं पाणी, झालेली लघवी. चिमणाबाईंनी आणखी एक रकाना घालायला लावला, घरात काय झालं त्याचा. त्या रोज संध्याकाळी सातला कागलहून फोन करतात. "वाचा," म्हणतात. मी वाचतो. दूध उतू गेलं. नंदिनी भांडली, मी पाणी चोरून प्यायलो म्हणून. मी घोटभरच प्यायलो होतो. नंदिनीनं आपली किडनी तपासायला दिली, जुळली नाही, म्हणून ती पुन्हा भांडली, या वेळी माझ्याशी नाही. अभिरामला तपासू द्यायचं नाही यावर मी अडून बसलोय. लग्न मे महिन्यात आहे.

लघवीचा आकडा रोज थोडा खाली यायचा. तीनशे. एकशेऐंशी. नव्वद. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की असं होईल.

काल दिवसभरात झालीच नाही. रात्रीच्या जेवणाआधी मी रकाना भरला आणि सातला फोन आला.

वजन वाचलं. रक्तदाब वाचला. पाणी पाचशे मिलिलिटर. घरात : नंदिनीनं मिठाविना आमटी केली, मी ती नावं न ठेवता खाल्ली, म्हणून तिला संशय आला.

"आनि ह्याच्या आदीचा रकाना?" चिमणाबाई म्हणाल्या. "त्यो वगळलासा."

मी लघवीच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग वाचलं.

"निरंक."

पलीकडे कुठंतरी म्हशीची साखळी वाजली.

"ह्या येळंला खरं लिवलंसा, पावणं," त्या म्हणाल्या.